नसेवर नस चढत नाही!

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा आजार) रुग्ण सापडू लागले आणि लगोलग आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'नसांची ताकद वाढवणाऱ्या' काढ्याची कृती येऊन पडली. मराठीत या 'नस' शब्दाने फार घोटाळा केलाय. रक्त घ्यायला नर्स शोधते तीही नस, मानेत दबते तीही नस आणि रात्री पोटरीत गोळा आला की 'नसेवर नस चढली'! (चढत काही नाही, स्नायू आखडतो.) जीबीएसमधली नस म्हणजे चेता, संदेश नेणारी नर्व्ह. तिला ताकद कमी पडते असं नाही. बऱ्याचदा तिच्यावरचं वेष्टण खराब होतं.

हे वेष्टण काय करतं ते अंधारात पायाची करंगळी पलंगाला आपटल्यावर कळतं. 'आपटली' हे आधी समजतं आणि ठणका मागून येतो. स्पर्शाची बातमी नेणारे जाड, वेष्टणवाले तंतू सेकंदाला 50-60 मीटर धावतात. ठणक्याचे तंतू बारीक आणि उघडे, त्यांचा वेग जेमतेम 1 मीटर. बोटापासून कण्यापर्यंतच मीटरभर अंतर आहे, करा हिशेब.

चेता म्हणजे विजेची तार, असं आपण शाळेत ऐकतो. तसं असतं तर हा उशीर झालाच नसता. विश्रांतीच्या वेळी तंतूच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. संदेश आला की पडद्यातली सोडियमची दारं उघडतात, धन आयन आत घुसतात आणि तेवढ्यापुरता भार उलटतो. त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. मागे पोटॅशियम बाहेर पडून मिलिसेकंदाच्या आसपास सगळं पूर्ववत. लवंगी फटाक्यांची माळच म्हणा, फक्त उडालेला फटाका लगेच पुन्हा भरून तयार.

प्रत्येक फटाका उडवत जायचं म्हणजे वेळ जाणारच. त्यावर दोन उपाय. एक माकुलाचा, म्हणजे स्क्विडचा: तंतूच जाड करायचा. त्याचा मोठा तंतू मिलिमीटरभर जाड भरतो, म्हणून तर हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांना त्यात इलेक्ट्रोड घालता आला आणि 1963 चं नोबेल मिळालं. पण आपल्या एका डोळ्यामागच्या चेतेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात. ते सगळे एवढे जाड केले तर ती चेताच मीटरभर रुंद होईल. डोकं कुठे ठेवायचं?

आपला उपाय म्हणजे मायलिन, तेच ते वेष्टण. हातापायांच्या चेतांमध्ये श्वान पेशी (थिओडोर श्वान यांच्या नावावरून, कुत्र्याचा संबंध नाही) स्वतःचा स्निग्ध पडदा तंतूभोवती गुंडाळत जाते, थरावर थर, सुरळीच्या वडीसारखा. एका गुंडाळीची लांबी फार तर मिलिमीटर-दीड मिलिमीटर, मग मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी फट, पुन्हा गुंडाळी. सोडियमची दारं दाटीने असतात ती या फटींमध्ये. गुंडाळीखालून विद्युतभार गळत नाही, त्यामुळे तो थेट पुढच्या फटीशी पोचून तिथली दारं उघडतो. संदेश जणू उड्या मारत जातो.

जीबीएसमध्ये अनेकदा आधी जुलाब झालेले असतात. कॅम्पायलोबॅक्टर या जिवाणूच्या आवरणावरचे काही रेणू चेतेतल्या रेणूंसारखे दिसतात; त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) मग आपल्याच चेतेवर उलटतात. कधी वेष्टण सोलवटतं, कधी आतला तंतूच दुखावतो. भार गळू लागतो, उड्या चुकतात. पाय आधी लुळे पडतात, मग अशक्तपणा वर सरकतो. छातीपर्यंत पोचला तर व्हेंटिलेटर लागतो. बहुतेक रुग्ण सावरतात, पण महिने लागतात. यात काढा कुठे आणि काय करणार?

निदानासाठी नर्व्ह कंडक्शन चाचणी करतात. पावलाच्या स्नायूवर पट्टी चिकटवून आधी घोट्याशी, मग गुडघ्यामागे विजेचा हलका झटका देतात, दोन्ही जागांमधलं अंतर चक्क टेपने मोजतात आणि त्याला वेळेतल्या फरकाने भागतात. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1850 मध्ये बेडकाच्या पायावर नेमकं हेच केलं होतं. चेतेचा वेग मोजणं अशक्य, असं त्याचे गुरू म्युलर मानत. त्याचं उत्तर आलं सेकंदाला 27 मीटरच्या आसपास. आपल्या धडधाकट पायात ते साधारण 40 च्या वर येतं.