बुद्धिमापन

बुद्धिमापन : प्रमाणित कसोट्यांच्या साहाय्याने व्यक्तीच्या आकलन, तर्क, स्मरण आदी क्षमतांचा समवयस्कांच्या तुलनेत अंदाज घेण्याची मानसशास्त्रीय पद्धती. बुद्धीची सर्वमान्य व्याख्या नाही. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये सर्व बौद्धिक कार्यांच्या मुळाशी एक सामान्य घटक मानला, तर थर्स्टन यांनी १९३८ मध्ये सात प्राथमिक क्षमता सांगितल्या. आजच्या बहुतेक कसोट्या एकूण गुणांकाबरोबर उपगुणांकही देतात. म्हणजे व्यवहारात दोन्ही मते टिकून आहेत.

पहिली उपयुक्त कसोटी आल्फ्रेड बिने व तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये फ्रान्समध्ये तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळे शिक्षण देता यावे, हा तिचा हेतू होता. तिच्या ३० प्रश्नांची सुरुवात पेटती काडी हलवली की मूल नजरेने तिचा माग घेते का, येथून होई. पुढे चॉकलेट व लाकडाचा तुकडा यांतील खाण्याची वस्तू ओळखायची असे. १९०८ च्या आवृत्तीत प्रश्न वयानुसार लावण्यात आले.

बुद्धिगुणांकाचे (बुद्धी एका अंकात मांडणाऱ्या मापाचे, आय.क्यू.) जनकत्व अनेक पुस्तकांत बिने यांना दिलेले आढळते. ते ग्राह्य वाटत नाही. मूल वयाच्या मानाने किती वर्षे मागे आहे, एवढेच बिने पाहत. या वजाबाकीतील दोष विल्यम स्टर्न यांनी १९१२ च्या सुमारास दाखवला. चार वर्षांच्या मुलाचे मानसिक वय (ज्या वयाच्या सर्वसाधारण मुलांइतके प्रश्न ते सोडवते ते वय) दोन आणि बारा वर्षांच्या मुलाचे दहा असेल, तर फरक दोन्हीकडे दोनच वर्षांचा. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागले तर मात्र ०·५० व ०·८३. या भागाकाराला १०० ने गुणण्याची प्रथा ल्यूइस टर्मन यांच्या १९१६ च्या स्टॅनफर्ड-बिने कसोटीने रूढ केली. प्रौढांचे मानसिक वय वर्षागणिक वाढत नसल्याने त्यांच्याबाबत हे सूत्र निरुपयोगी ठरते. म्हणून डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ पासून समवयस्कांच्या सरासरीशी (१००) तुलना करणारा, १५ प्रमाण विचलनाचा (गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) गुणांक स्वीकारला.

भारतात लाहोरचे सी. हर्बर्ट राइस यांनी १९२० च्या दशकात बिने कसोटीचे हिंदुस्थानी रूपांतर केले. व्ही. व्ही. कामत यांचे मराठी व कन्नड रूपांतर १९३४ चे असून ‘बिने-कामत’ नावाने ते अद्याप वापरात आहे. नागपूर येथे ए. जे. मालिन यांनी वेक्सलर यांची बालकसोटी भारतीय मुलांसाठी बेतली.

अशा जुन्या कसोट्यांच्या मानकांचा (तुलनेसाठी पूर्वी ठरवलेल्या वयोगटांच्या सरासरींचा) प्रश्न गंभीर आहे. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवल्याप्रमाणे अमेरिकेत सरासरी गुण दर दशकात सुमारे तीनने वाढत गेले. अशी वाढ झालेल्या समाजात जुनी मानके लावली, की मुलाचा गुणांक प्रत्यक्षाहून अधिक दिसतो. बौद्धिक अक्षमतेची सीमा साधारणतः ७० मानली जात असल्याने सीमेलगतचे मूल आवश्यक साहाय्याला मुकू शकते. त्यामुळे गुणांकासोबत जेवण, कपडे घालणे, एकट्याने ये-जा करणे यांसारखी दैनंदिन कौशल्येही तपासणे आवश्यक मानतात. त्यासाठी भारतात व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे मालिन यांनीच केलेले रूपांतर वापरले जाते.