आठ पर्याय आणि ५० मायक्रोसेकंद

फेब्रुवारीतली गोष्ट. नागपूरच्या मानेवाड्यात आमच्या शेजारच्या काकांचं नवंकोरं सोलर भर दुपारी बंद पडायचं. ऊन कडक, पॅनल धुतलेले, आणि इन्व्हर्टरवर (पॅनलची डीसी वीज एसी करून ग्रिडला देणारा डबा) लाल दिवा. "माल खराब निघाला," काका म्हणाले. मी मल्टीमीटर लावला, तर २५८ व्होल्ट! इन्व्हर्टर धडधाकट होता. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की त्याने थांबायचंच असतं.

गल्लीतली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ११,००० व्होल्टचे ४३३ करते, म्हणजे एका फेजला मुळातच २५०. तारेत थोडं घटून घरी २३०च्या आसपास पोचावं, असा हिशेब. पण कूलर अजून माळ्यावर, घरात वापर नाही, आणि चार-पाच छतांवरून वीज उलटी डीपीकडे निघालेली. उलटी ढकलायची तर घराकडचं व्होल्टेज डीपीपेक्षा वर जायलाच हवं. डीपीचा टॅप (गुंडाळीचे वेढे कमी-जास्त करून व्होल्टेज ठरवणारी खाच) बदलता येतो, पण लाइन बंद करून. दर ढगाला ते कोण करणार?

इन्व्हर्टर मात्र करू शकतो. करंटची लाट व्होल्टेजच्या लाटेपासून थोडी सरकवली की तो रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (काम न करता तारांत नुसती मागे-पुढे झुलणारी वीज) ओढतो आणि व्होल्टेज उतरतं. (याच शब्दाच्या आडून 'बिल निम्मं करणारे' डबे विकतात. आत असतो एक कपॅसिटर. घरगुती मीटर रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचे पैसे लावतच नाही, तर वाचणार काय?)

आता माझा आवडता भाग: करंट हवा तसा वळवायचा कसा. थ्री-फेज इन्व्हर्टरला तीन लेग, प्रत्येकात वर-खाली दोन स्विच. दोन्ही एकदम चालू केले तर शॉर्ट सर्किट, म्हणून चालू एकच, वरचा किंवा खालचा. २×२×२, एकूण पर्याय आठ. प्रेडिक्टिव्ह कंट्रोलमध्ये, म्हणजे आधी भाकीत करून मग निर्णय घेण्याच्या पद्धतीत, चिप करंट मोजते आणि आठही पर्याय मनातल्या मनात खेळून बघते. इन्व्हर्टरच्या व्होल्टेजमधून ग्रिडचं व्होल्टेज आणि रोधातली घट वजा करा, ५० मायक्रोसेकंदांनी गुणा, इन्व्हर्टर आणि ग्रिडमधल्या कॉइलच्या इंडक्टन्सने (करंटच्या बदलाला होणारा विरोध) भागा: करंट तेवढा बदलेल. हव्या त्या करंटच्या सगळ्यांत जवळ नेणारा पर्याय जिंकतो. स्विच पालटला की तो तापतो, म्हणून प्रत्येक पालटण्याला दंडाचे गुण. ५० मायक्रोसेकंदांनी पुन्हा मोजणी, पुन्हा आठही पर्याय. ग्रिडच्या २० मिलिसेकंदांच्या एका आवर्तनात असे ४०० निर्णय! गणितालाही वेळ लागतो, म्हणून चिप एक पाऊल सोडून त्यापुढच्या पावलाचा विचार करते. १९७०च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखान्यांत याच कल्पनेचं गणित मिनिटांच्या हिशेबाने चालायचं.

इंडक्टन्सचा आकडा चुकला तर भाकीतही चुकतं. शिवाय गल्लीतल्या तारांमध्ये रोध जास्त असतो, त्यामुळे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचा जोर कमी पडतो आणि कधी सोलरची वीजच थोडी कमी करावी लागते. बाजारातल्या बहुतेक इन्व्हर्टरांत अजून जुनी पीआय पद्धतच (भाकीत न करता, झालेली चूक मोजून दुरुस्त करणारी) आहे.

काकांच्या गल्लीत शेवटी लाइनमनने डीपीचा टॅप एक घर खाली घेतला. सोलर दुपारभर चालू लागलं. मे महिन्यात रात्री सगळे कूलर लागले, तेव्हा लाइनीच्या टोकाच्या घरी मी पुन्हा मीटर लावला. १९८.