अ‍ॅपवर स्कूटर मिठी नदीत का जाते?

परवा बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) एक प्रकार झाला आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. कुर्ल्याला उतरलो, ३१० नंबरच्या बसची रांग बघूनच पाय मागे आला, म्हणून भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. क्यूआर कोड स्कॅन केला, खट्कन लॉक उघडलं, निघालो. (ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग आणि २५० वॉटपर्यंतची मोटर असली की ती कायद्याने मोटार वाहन धरत नाहीत, म्हणून या छोट्या गाड्यांना लायसन्स लागत नाही.) पोचल्यावर जमिनीवर आखलेल्या पार्किंगच्या पट्ट्यांच्या अगदी आत गाडी लावली आणि राइड संपवायला गेलो तर अ‍ॅप म्हणतं तुम्ही झोनच्या बाहेर आहात. नकाशा उघडला तर आपला निळा ठिपका चक्क मिठी नदीच्या पात्रात! मी रस्त्यावर उभा, गाडी माझ्या हातात, आणि मिनिटामिनिटाला भाडं वाढतंय.

बाजूच्या बिल्डिंगचा वॉचमन म्हणाला, "साहेब इथे नाय होणार, तिकडे सिग्नलजवळ मोकळ्यात घ्या, सगळी पोरं तिकडेच जाऊन बंद करतात." नेली, अर्धा मिनिट थांबलो, झालं काम. तिथे एक डिलिव्हरीवाला मुलगा होता, त्याचीही गाडी रेंटवरचीच, तो म्हणाला, "बिल्डिंगच्या आड वरून सॅटेलाईटला आपण दिसत नाय ना."

उपाय वॉचमनचा बरोबर होता, कारण मात्र त्या मुलाने चुकीचं सांगितलं, आणि त्याची चूक नाही, शिकलेसवरलेले लोकसुद्धा हेच समजून चालतात की वरून उपग्रह आपल्याला बघतो आणि गाडी कुठे आहे ते कंपनीला कळवतो. जीपीएसचा उपग्रह काहीच बघत नाही. त्याला तुम्ही, तुमची स्कूटर, बीकेसी, कशाचाच पत्ता नसतो. आकाशवाणीचं केंद्र कसं, बोलत राहतं, कोण ऐकतंय ते त्याला माहीत नसतं, तसंच हे. सगळी मेहनत खाली स्कूटरमधली नखाएवढी चिप करते, ती फक्त ऐकते, स्वतःची जागा स्वतः काढते, आणि मग स्कूटरमध्ये जे सिमकार्ड असतं त्यावरून मोबाइलच्या टॉवरमार्फत ती जागा कंपनीच्या सर्व्हरला पाठवते. म्हणजे कंपनीला जे कळतं ते या सिमकार्डामुळे, उपग्रहाने कोणाला काही सांगितलेलं नसतं.

मग उपग्रह बोलतो काय? तर तो मुख्यतः दोनच गोष्टी सांगतो, "आत्ता इतके वाजलेत" आणि "मी अमुक ठिकाणी आहे". बस. एवढ्यावरून आपली जागा निघते आणि मला हे प्रकरण इतकं आवडतं की इथे जरा जास्त वेळ घेणार आहे.

पावसाळ्यात वीज चमकली की आपण मनात आकडे मोजतो, तीन सेकंदांनी गडगडलं तर वीज साधारण एक किलोमीटरवर पडली. उशीर मोजला की अंतर मिळतं. इथेही तेच, फक्त आवाजाच्या जागी रेडिओ लहर, आणि ती सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटरवर, म्हणजे तो अगदी डोक्यावर असेल तर लहर आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा जेमतेम पंधरावा भाग लागतो. या हिशोबात एक मायक्रोसेकंद चुकला की ३०० मीटर चुकतात, एक नॅनोसेकंद चुकला की ३० सेंटीमीटर. माझी स्कूटर पट्टीच्या आत की बाहेर हे भांडण खरं तर दहा-वीस नॅनोसेकंदांचं असतं!

उपग्रहात अणुघड्याळ असतं, रुबिडियम नाहीतर सीझियमचं. स्कूटरमध्ये मात्र काही रुपयांचं क्वार्ट्झ, आपल्या मनगटी घड्याळातल्यासारखं, आणि ते सेकंदाला एक मायक्रोसेकंदसुद्धा चुकू शकतं, म्हणजे दर सेकंदाला ३०० मीटर. मग जमतं कसं? तर स्वतःचं घड्याळ किती चुकलंय हेही एक चल धरायचं. जागेचे तीन आकडे (पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि उंची) आणि चौथा घड्याळाची चूक, चार अज्ञात, म्हणून कमीत कमी चार उपग्रह, चार समीकरणं. शाळेत आपण दोन चलांची एकसामयिक समीकरणं सोडवली आणि याचा पुढे उपयोग काय असं विचारलं, तर ही चिप सेकंदाला एकदा तरी तसलीच समीकरणं सोडवत असते. आणि त्यातून फुकटात मिळतं काय, तर जवळजवळ अणुघड्याळाच्या तोडीची अचूक वेळ!

वेळेवरून आठवलं, उपग्रहातलं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतं. वेगामुळे ते ७ ने मागे पडतं, पण वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ ने पुढे जातं, वजाबाकी ३८. हे आइन्स्टाइनच्या दोन्ही सापेक्षता सिद्धांतांमधून येतं आणि ही दुरुस्ती केली नाही तर चूक दिवसाला ११ किलोमीटरांच्या हिशोबाने साचत जाईल. म्हणून ते घड्याळ उडवण्याआधीच मुद्दाम किंचित हळू लावलेलं असतं. भाड्याच्या स्कूटरच्या बिलात सापेक्षता सिद्धांत आहे, मला हे कितीही वेळा आठवलं तरी भारी वाटतं.

आता हे मोजायचं कसं, कारण लहर इथे पोचते तेव्हा ती इतकी क्षीण झालेली असते की भोवतालच्या रेडिओ गोंगाटात ती बुडालेलीच असते, अँटेनावर नुसतं मोजलं तर खरखर सोडून काही मिळणार नाही. लोकलमधलं भजनी मंडळ आठवा. डबा खचाखच, रुळांचा खडखडाट, फोनवरची बडबड, पण पलीकडून येणारा अभंग तुम्हाला पाठ असेल तर तुटक-तुटक ऐकूनही तुम्ही बरोबर पकडता की आत्ता ते कुठल्या ओळीवर आहेत. ज्याला अभंग माहीतच नाही त्याला फक्त गोंगाट. प्रत्येक जीपीएस उपग्रहाचा असाच स्वतःचा अभंग असतो, १,०२३ चढउतारांचा एक सांकेतिक क्रम, जो तो दर मिलीसेकंदाला पुन्हा म्हणतो. चिपला सगळ्या उपग्रहांचे क्रम पाठ असतात. ती आपला क्रम सुरू करते आणि आलेल्या खरखरीवर ठेवून मागेपुढे सरकवत बघते, जुळत नाही तोवर दोघांच्या जुळणीची बेरीज शून्याच्या आसपास राहते, आणि नेमका जुळला की बेरीज एकदम उसळी मारते. ही उसळी जिथे आली तिथून लहरीला झालेला उशीर कळतो.

यातला एक चढउतार, त्याला चिप म्हणतात (आपल्या सिलिकॉनच्या चिपशी संबंध नाही, नाव तेच आहे म्हणून गोंधळ होतो), तो लहर २९३ मीटर जाईपर्यंत टिकतो. म्हणजे उसळी टोकदार खिळ्यासारखी नसते, २९३ मीटरच्या चिपामुळे ती डोंगरासारखी पसरट असते आणि त्या डोंगराचा माथा शोधायचा असतो. मोकळ्या मैदानावर माथा छान सापडतो, साध्या फोनला पाचेक मीटरपर्यंतची जागा मिळते.

बीकेसीत मात्र सगळीकडे काच. आधुनिक बिल्डिंगच्या काचेवर उष्णता अडवायला धातूचा अतिपातळ थर असतो आणि रेडिओ लहरीला तो आरशासारखा. समजा ईशान्येला ३० अंशांवर एक उपग्रह आहे, माझ्या पाठीशी त्याच बाजूला दहाबारा मजली बिल्डिंग, सरळ लहर अडली. पण तीच लहर बिल्डिंगच्या माथ्यावरून जाऊन समोर ४० मीटरवरच्या काचेवर आपटते आणि उलटी माझ्या गाडीवर येते. किती जास्त चालली? दोनदा ४० गुणिले ३० अंशांचा कोसाइन, जवळपास ७० मीटर. चिपला बिचारीला काय माहीत काच मध्ये आली, तिला वाटतं उपग्रह ७० मीटर लांब आहे, म्हणून ती स्वतःला त्याच्यापासून लांब म्हणजे नैऋत्येकडे ढकलते. आणि बीकेसीच्या त्या बाजूला काय आहे? मिठी! परावर्तित रस्ता सरळ रस्त्यापेक्षा कायम लांबच असतो, कधीच कमी नसतो, म्हणून या चुका एकमेकींना खोडून काढत नाहीत. आठ-दहा उपग्रह असले तरी रस्ता अरुंद असेल तर त्यातले तीन-चार असेच खोटं अंतर सांगतात आणि ठिपका पोहायला जातो.

सरळ आणि परावर्तित दोन्ही लहरी पोचल्या तर आणखी वेगळी गंमत होते. दोघींचे डोंगर एकमेकांत मिसळतात आणि माथाच सरकतो, स्टेशनवर चार भोंग्यांमधून एकच अनाऊन्समेंट मागेपुढे ऐकू येते आणि गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर येतेय तेच कळत नाही तसं. याच्यावरचा इलाज मात्र फार सुंदर आहे. जीपीएसने नंतर एल-५ नावाची दुसरी लहर सुरू केली, तिचा क्रम दहापट वेगाने चालतो म्हणून तिचा एक चिप फक्त २९.३ मीटरचा. डोंगर दहापट अरुंद, त्यामुळे ७० मीटर मागून आलेली लहर वेगळी टेकडी म्हणून दिसते आणि बाजूला काढता येते. सरळ लहर पोचतच नसेल तर अर्थात याचाही उपयोग नाही.

इस्रोची नाविक ही जीपीएससारखीच, पण आपली स्वतःची ७ उपग्रहांची रचना (पहिला उपग्रह २०१३ साली गेला) पहिल्यापासून एल-५ वापरते, आणि तिचे काही उपग्रह मुंबईच्या आकाशात कायम बऱ्यापैकी उंचावर असतात, बिल्डिंगांच्या गल्लीत याचा मोठा फायदा. २०२३ च्या मे महिन्यात गेलेल्या नाविकच्या एनव्हीएस-०१ उपग्रहामध्ये आपल्याकडे बनवलेलं रुबिडियम अणुघड्याळ आहे आणि स्वस्त चिपांना ऐकायला सोपी एल-१ लहरसुद्धा (जीपीएसची मूळ लहर याच पट्ट्यातली). मला याचा खरंच अभिमान वाटतो.

वर आयनमंडलातही, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, लहर रेंगाळते, सौरवादळ आलं की जास्तच. १८५९ चं ते प्रचंड सौरवादळ आपल्या कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेने नोंदवलेलं आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे उपकरणं बिघडणार म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला हलवलं. विजेवरच्या गाडीचं आणि या शहराच्या मोजमापांचं नातं असं जुनं आहे. साधे ढग आणि पाऊस मात्र जीपीएसला फारसं काही करत नाहीत, भिजलेली दाट झाडं थोडं करतात.

एक गोष्ट बोलायलाच हवी कारण ती दर दोन-चार महिन्यांनी फॅमिली ग्रुपवर येते. पुद्दुचेरीतल्या (कारैकलजवळच्या) तिरुनल्लारच्या शनिमंदिरावरून जाताना म्हणे उपग्रह तीन सेकंद थांबतो आणि नासा चकित झाली. जीपीएसचा उपग्रह सेकंदाला सुमारे ३.९ किलोमीटर जातो. तो तीन सेकंद थांबला तर जिथे असायला हवा तिथून ११-१२ किलोमीटर मागे राहील, आणि तो ऐकणाऱ्या प्रत्येक फोनचा, विमानाचा, स्कूटरचा ठिपका काही किलोमीटर उडेल, रोज, लाखो लोकांचा. ७० मीटरच्या चुकीने माझी राइड अडते तिथे १२ किलोमीटर कोणाच्या लक्षात आले नसते का? देवळात श्रद्धेने जा, पण हा मेसेज पुढे पाठवू नका.

याचा संबंध शहराच्या नियमांशी येतो. पॅरिसमध्ये २ एप्रिल २०२३ ला भाड्याच्या उभ्या ई-स्कूटरवर मतदान घेतलं, मतदान जेमतेम साडेसात टक्के झालं पण त्यातल्या ८९ टक्के लोकांनी नको म्हटलं, आणि सप्टेंबरपासून त्या बंद झाल्या. मोठी तक्रार हीच, कुठेही लावतात, फुटपाथ अडतात. फुटपाथ अडला की आजीआजोबांचे, व्हीलचेअरवाल्यांचे हाल होतात, तक्रार शंभर टक्के खरी. पण आपला फुटपाथ दोन मीटरचा, आणि चांगल्या मोकळ्या जागीही ठिपका पाच मीटरने हलतो. गाडी फुटपाथवर की रस्त्यावर हे नुसत्या जीपीएसला कळूच शकत नाही. म्हणून नुसत्या ठिपक्यावरून दंड लावणं मला साफ चुकीचं वाटतं, विशेषतः दिवसभर तीच गाडी चालवून पोट भरणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरांना. पार्किंगच्या खांबावर छोटा ब्लूटूथ बीकन (सतत आपली खूण पाठवणारी डबी) लावा, तो दहा-पंधरा मीटरवरून सांगतो की गाडी आली. चाकातल्या मोटरमध्ये हॉल सेन्सर (चुंबकावरून चाकाचं फिरणं ओळखणारे) असतातच, फेऱ्या मोजून शेवटच्या भरवशाच्या ठिपक्यापासून गाडी किती पुढे गेली ते कळतं, नदीत उडी मारली नाही एवढं तरी नक्की कळतं. शेवटी एक फोटो मागा. यातलं काहीच महाग नाही.

तुम्हाला हे सगळं स्वतः बघायचं असेल तर उपग्रह दाखवणारी फुकट अ‍ॅप्स मिळतात, अँड्रॉइड फोनवर टाका आणि संध्याकाळी गच्चीवर जा. आकाशाचा गोल दिसतो, त्यात प्रत्येक देशाचे झेंडे लावलेले ठिपके. अमेरिकन झेंड्याचे, म्हणजे जीपीएसचे, ठिपके बघा आणि मग ठाणे-बोरिवलीच्या दिशेला, अगदी उत्तरेला, खाली क्षितिजाकडे बघा. तिथे एकही नसतो. कधीही जा, रिकामंच. कारण त्यांच्या कक्षा विषुववृत्ताला ५५ अंशांनी कललेल्या आहेत, ध्रुवावरून कोणी जातच नाही, आणि मुंबईतून बघताना ती न गेलेली वाट आपल्याला उत्तरेच्या आकाशातलं भोक म्हणून दिसते.