मांड, खोगीर आणि अनवाणी पाय

पार्श्वभूमी : मुलींची नृत्य आणि घोडेस्वारीची उन्हाळी शिबिरं

अमेरिकेत जानेवारी संपता संपता पालक उन्हाळी शिबिरांच्या नोंदणीला लागतात. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतही याच दिवसांत याद्या चाळणं सुरू होतं. त्या याद्यांत 'नृत्य आणि घोडेस्वारी, फक्त मुलींसाठी' अशी जोडी दिसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? संबंध आहे आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. बाईने आपलं शरीर कसं वापरायचं, यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जो वाद चालला होता, त्यात ही जोडी जुळली.

त्याआधीचा काळ थोडक्यात. १८६१ मध्ये कनेक्टिकटमधल्या एका शाळामास्तरांनी विद्यार्थ्यांना तंबूंत राहायला नेलं. अमेरिकी शिबिरांची सुरुवात बहुधा तिथून मोजतात. ते विद्यार्थी मुलगे होते. मुलींना आणखी तीस-चाळीस वर्षं थांबावं लागलं. १८९२ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या मुलग्यांच्या एका निसर्ग-अभ्यास शिबिरात थोड्या दिवसांसाठी मुलींना घेतलं गेलं, आणि १९०२ पासून मेन आणि न्यू हॅम्पशायरमध्ये मुलींची स्वतंत्र शिबिरं उभी राहिली. बहुतेक शिबिरं बायकांनी चालवली. त्यांतल्या अनेकजणी स्त्रियांच्या कॉलेजांतून शिकलेल्या होत्या आणि शारीरिक शिक्षण तिथे सक्तीचं होतं. शिकून बायका आजारी पडतात, असं छातीठोकपणे सांगणारे डॉक्टर तेव्हा होते. त्यांना उत्तर म्हणून या कॉलेजांनी मुलींना पळायला, पोहायला, वल्हवायला लावलं. उन्हाळी शिबिर हा त्याच उत्तराचा पुढचा भाग.

१९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या अशाच एका कॉलेजात शिकलेल्या दोन मैत्रिणींनी कोलोरॅडोच्या डोंगरांत नृत्याचं शिबिर काढलं. सुरुवात एल्डोरा तळ्याजवळ झाली. लवकरच मुक्काम यांपा नदीच्या खोऱ्यात, स्टीमबोट स्प्रिंग्ज या गुराख्यांच्या गावाजवळ हलला. तिथे रेल्वे पोचून जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. गाव समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवर, आणि आजूबाजूच्या कुरणांवर घोड्याशिवाय पान हलत नव्हतं. दोघींपैकी एकीचा जीव नृत्यात, दुसरीचा नाटकात. घोडे त्या मुलखातच होते, त्यामुळे घोडेस्वारी दिनक्रमात आली आणि अनेक दशकं टिकली. पैसा मात्र कायम तोकडा. विसाच्या दशकात नृत्याची एक तुकडी व्हॉडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-विनोदाच्या मिश्र खेळांच्या रंगमंचांवर दौरे करायची आणि त्या कमाईचा शिबिराला आधार व्हायचा. मला या इतिहासातला हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. नृत्य-नाटकाचं इतकी वर्षं अखंड चाललेलं अमेरिकेतलं सर्वांत जुनं शिबिर म्हणून आज ज्याचं नाव घेतात, ते कुणा धनिकाच्या देणगीवर उभं राहिलेलं नाही, नाचणाऱ्या मुलींच्या घामावर उभं आहे.

आता बायकांनी घोड्यावर मांड कशी ठोकावी, याचा वाद. घोडेस्वारीत 'मांड' म्हणजे बसण्याची पकड. 'मांड ठोकणं', 'पक्की मांड' हे शब्द आपल्या बखरींपासून वापरात आहेत आणि ते पुरुषाच्या किंवा बाईच्या बसण्यात फरक करत नाहीत. युरोप-अमेरिकेत मात्र कित्येक पिढ्या बाईची मांड वेगळी होती. दोन्ही पाय घोड्याच्या डाव्या बाजूला, उजवा पाय खोगिराच्या शिंगावर अडकवलेला, रिकीब एकच, आणि वरून लांब घोळदार झगा. या खोगिराला इथे एकांगी खोगीर म्हणू. १८३० च्या दशकात त्याला दुसरं शिंग जोडलं गेलं, तेव्हा कुठे बायकांना भरधाव जाणं आणि अडथळ्यावरून उडी घेणं जमू लागलं. तरी घोडा कोसळला किंवा झगा शिंगात अडकला, तर फरफट ठरलेली.

या वादाला मराठी धागा आहे. १८३५ मध्ये एक इंग्रज प्रवासिनी आजच्या उत्तर प्रदेशातल्या फत्तेगडला शिंद्यांच्या राणीच्या छावणीत गेली होती. ग्वाल्हेरची सत्ता सोडावी लागल्यावर राणी तेव्हा तिथे मुक्कामाला होती. छावणीतल्या बायका कासोट्याचं लुगडं नेसून सरळ दोन्हीकडे पाय टाकून घोड्यावर बसत. त्यांना पाहुणीचं एकांगी खोगीर विचित्र वाटलं. पाहुणीने त्यांचं लुगडं नेसून घोड्यावर टांग टाकून पाहिली, तिला ते फार आवडलं आणि आपल्या देशात ही पद्धत बदलली गेली त्याबद्दल तिने आपल्या प्रवासवर्णनात कठोर शब्दांत लिहिलं. अमेरिकी शिबिरांत हाच प्रश्न निकाली निघायला पुढे जवळपास ऐंशी वर्षं लागली. ही छावणी मराठी वाचकाने लक्षात ठेवावी, कारण 'बायकांनी टांग टाकून बसणं' ही आधुनिक पश्चिमेची देणगी असल्यासारखं अनेकदा लिहिलं जातं.

१९०० नंतर दोन्ही बाजू वैद्यकीय भाषेत बोलू लागल्या. टांग टाकून बसल्याने मुलीच्या कमरेच्या हाडांना आणि पुढे बाळंतपणाला धोका आहे, असं एका बाजूचं म्हणणं. वाढत्या वयात रोज एकाच बाजूला वळून बसल्याने पाठीचा कणा वाकडा होतो, असं दुसरीचं. मधला मार्ग म्हणून काही शिक्षक मुलींना एक दिवस डावीकडच्या आणि एक दिवस उजवीकडच्या खोगिरावर बसवत. शालीनतेचा मुद्दा तर होताच, आणि खरा जोर त्याचाच होता. मार्च १९१३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराचा मोर्चा निघाला, तेव्हा अग्रभागी पांढऱ्या घोड्यावर टांग टाकून बसलेली तरुण वकील होती. तिने मुद्दाम तसं बसणं सगळ्यांनी पाहिलं. कोलोरॅडोतलं शिबिर त्याच वर्षीचं.

शिबिरांत हा वाद सुटला तो माझ्या मते डॉक्टरांमुळे नाही आणि मोर्चामुळेही नाही. तो खोगिरं ठेवायच्या खोलीत सुटला. एकांगी खोगीर महाग, जड आणि एकेका घोड्याच्या पाठीला बेतून बसवावं लागतं. नीट बसलं नाही तर घोड्याच्या पाठीला जखमा होतात. शिवाय त्यावर चढायला खालून कुणीतरी हात द्यावा लागतो. दहा-पंधरा घोडे, तीस-चाळीस मुली आणि दोन मोतद्दार, असं गणित असेल तर हे परवडत नाही. साधं खोगीर तासाभरात तीन मुलींना वापरता येतं आणि प्रत्येक मुलगी आपल्या आपण चढते. पश्चिमेकडे तर कुरणांवरच्या घोड्यांना एकांगी खोगिराची सवयच नव्हती, आणि तिथल्या शेतकरी-गुराखी घरांतल्या बायका दुभंगलेला स्कर्ट घालून कधीच टांग टाकू लागल्या होत्या. पूर्वेकडच्या श्रीमंत वर्तुळांत मात्र एकांगी बैठक विसाच्या दशकातही शिकार आणि प्रदर्शनांसाठी टिकून राहिली. म्हणजे तीच मुलगी जुलैत शिबिरात टांग टाकून दुडकी शिकायची आणि ऑक्टोबरमध्ये घरच्या पागेत झगा सावरत एका बाजूला बसायची. हा दुटप्पीपणा त्या मुलींना कळत नसेल, असं मानायला मी तयार नाही.

कपड्यांचा प्रश्न उरला होता. सुरुवातीच्या शिबिरांत गणवेश म्हणजे खलाशी कॉलरचा सैल सदरा आणि गुडघ्याखाली चुणीदार विजार. तीच विजार डोंगर चढायला, वल्हवायला आणि घोड्यावर. पुढे घोडेस्वारीसाठी जी विजार सर्वमान्य झाली, तिचं नाव आजही जोधपुर आहे. मांडीशी सैल आणि पोटरीशी घट्ट असा हा बेत १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने जोधपूरच्या राजघराण्याबरोबर इंग्लंडला गेला आणि तिथून पसरला. 'जिमखाना' या शब्दाचा प्रवासही असाच. आपल्याकडे तो क्रिकेट-टेनिसचा क्लब झाला. अमेरिकी शिबिरांत मात्र शेवटच्या आठवड्यात घोड्यावरून खेळायच्या शर्यतींना आजही जिमखाना म्हणतात : पिंपांना वळसा घालणं, चमच्यात अंडं धरून दुडकी. मुलीने घरी फोन करून 'उद्या जिमखाना आहे' असं सांगितलं, तर तिचा अर्थ तो.

नृत्याच्या बाजूने पाहिलं, तर जोडी जुळण्याचं कारण आणखी स्पष्ट होतं. ही शिबिरं बॅलेची नव्हती. कॉलेजांत तेव्हा ज्याला 'सौंदर्यनृत्य', 'नैसर्गिक नृत्य' किंवा 'ग्रीक नृत्य' म्हणत, ते इथे शिकवलं जायचं : सैल अंगरखा, अनवाणी पाय, गवतावर, उघड्यावर. कमरेला आवळणारी चोळी नाही आणि टाचांचे बूटही नाहीत. बॅलेत पाय कमरेपासून बाहेर वळवतात आणि पावलाचं टोक खाली ताणतात. घोड्यावर गुडघा-पाऊल समोर आणि टाच खाली. म्हणून घोडेस्वारी नर्तकीचे पाय बिघडवते, असं मानणारे बॅलेचे शिक्षक तेव्हाही होते आणि आजही आहेत. अनवाणी नाचणाऱ्या नव्या नृत्याला ही अडचण नव्हती. त्यात तोल, श्वास, पाठीचा कणा आणि लय यांवर भर होता, आणि घोड्याच्या दुडकीवर उठत-बसत चालणारी रपेट म्हणजे याच चार गोष्टी. तीसच्या दशकात कोलोरॅडोच्या त्या शिबिरात शिकवून गेलेल्या एका नृत्यदिग्दर्शिकेने १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर गुराख्यांच्या जगावरचं बॅले आणलं. त्यात नर्तक घोड्याविना घोडा चालवतात. ती मांड कुठून आली, हे सांगायला नको.

या सगळ्यात कोण होतं आणि कोण नव्हतं, हेही नोंदवायला हवं. अनेक शिबिरांत ज्यू मुलींना प्रवेश नव्हता आणि कृष्णवर्णीय मुलींना जवळपास कुठेच नव्हता. म्हणून ज्यू कुटुंबांची वेगळी शिबिरं निघाली, आणि कृष्णवर्णीय मुलामुलींसाठी १९२१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये एक सुरू झालं. मूळ रहिवाशांच्या भाषांतले, किंवा तसे वाटणारे शब्द शिबिरांच्या नावांना सर्रास लावले गेले. अलीकडे काहींनी ते सोडले आहेत. पैशाची भिंत तेव्हाही होती, फक्त आजच्याइतकी उघड नव्हती. व्हरमाँटमधल्या एका शिबिराची तर जाहिरातच अशी असे की घोडेस्वारीला वेगळं शुल्क नाही. आज हे वाक्य क्वचितच वाचायला मिळतं.

कारण मधल्या काळात घोडाच बदलला. १९१० च्या दशकात अमेरिकेत अडीच कोटींहून जास्त घोडे आणि खेचरं होती. १९६० पर्यंत ती तीस लाखांच्या आसपास उरली. ट्रॅक्टर आला, घोडदळ संपलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात शिबिरांतली शिकवण घोडदळाच्या शिस्तीची होती. नंतर शिकवणाऱ्या प्रामुख्याने बायकाच झाल्या. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा बायकांना घोडेस्वारीत, तीही फक्त ड्रेसाज या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारात, पुरुषांबरोबर उतरता आलं, आणि पोलिओने गुडघ्याखाली पाय लुळे पडलेल्या डेन्मार्कच्या एका बाईने रौप्यपदक मिळवलं. अडथळ्यांच्या उड्यांसाठी १९५६ आणि तीन दिवसांच्या स्पर्धेसाठी १९६४ उजाडावं लागलं. १९७२ च्या समान संधीच्या कायद्यानंतर कॉलेजांत मुलींच्या खेळांना पैसा आला, आणि १९९८ मध्ये घोडेस्वारी कॉलेज-क्रीडेत मुलींचा उदयोन्मुख खेळ म्हणून मान्य झाली. कोलोरॅडोचं शिबिरही साठच्या दशकात मिसूरीमधल्या मुलींच्या एका कॉलेजाकडे सोपवलं गेलं होतं. त्या कॉलेजात नृत्य आणि घोडेस्वारी हे दोन्ही विभाग जुने आणि नावाजलेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शिबिर पुन्हा स्थानिक लोकांच्या हाती आलं.

'विशेष शिबिर' हा शब्द याच काळात रुळला. आधी एकाच ठिकाणी पोहणं, हस्तकला, डोंगर आणि घोडे असं सगळं असे आणि मुक्काम आठ आठवड्यांचा असे. मग एक विषय घेऊन एक-दोन आठवड्यांची शिबिरं निघाली, अनेक तर कॉलेजांच्या आवारात. त्यामुळे आज 'नृत्य आणि घोडेस्वारी' या शब्दांचा अर्थ जागोजागी वेगळा आहे. कुठे सकाळी पागा आणि दुपारी नृत्य, दोन्ही प्रत्येक मुलीला. कुठे मुलीने एक मुख्य विषय निवडायचा आणि दुसरा आठवड्यातून दोनदा. कुठे दोन वेगळे गट, ज्यांची गाठ फक्त जेवणाच्या खोलीत. नोंदणी करताना हे विचारून घ्यावं. नृत्यातही अनवाणी गवत मागे पडलं आणि स्पर्धेच्या तालमी आल्या : जॅझ, हिपहॉप, कसरती उड्या.

विम्याने सगळ्यांत जास्त बदल केला. घोडेस्वारीतल्या अंगभूत धोक्यासाठी मालकाला सरसकट जबाबदार धरू नये, असा पहिला कायदा १९८९ मध्ये वॉशिंग्टन राज्यात झाला. आता तसे कायदे बहुतेक राज्यांत आहेत. पागेच्या दारावर दिसणारी इशाऱ्याची पाटी त्यातूनच आली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शिरस्त्राणाचे सुरक्षा-निकष ठरले आणि तेव्हापासून शिबिरांत उघड्या डोक्याने घोड्यावर बसणं जवळपास संपलं. ही चांगलीच गोष्ट झाली. पण विम्याचा हप्ता, चारा, नालबंद आणि पशुवैद्य यांचा खर्च जमवताना अनेक शिबिरांनी पागा बंद केल्या आणि नृत्य तेवढं ठेवलं, कारण त्याला लाकडी फरशी आणि एक ध्वनियंत्र पुरतं. २०२० च्या उन्हाळ्यात बहुतेक निवासी शिबिरं बंद राहिली, तेव्हाही घोड्यांचा तोबरा थांबवता येत नव्हता.

ज्यांनी पागा राखल्या, त्यांच्यातली बरीच शिबिरं आता वर्षभर घोडे पाळत नाहीत. कॉलेजांच्या घोड्यांना उन्हाळ्यात काम नसतं आणि शिबिरांना तेवढेच तीन महिने घोडे लागतात, म्हणून ते कॉलेजांकडून घेतले जातात. जूनच्या सुरुवातीला घोडे ट्रेलरमध्ये चढतात. ऑगस्टमध्ये मुली घरी गेल्या की घोड्यांचा खरारा होतो, नाल तपासले जातात आणि ते पुन्हा कॉलेजच्या पागेत जातात.