आंब्यांची पाटी, दुकानाची पाटी: गोव्यातल्या छोट्या धंद्यांच्या ब्रँडिंगची पार्श्वभूमी

एप्रिलमधला शुक्रवार, म्हापशाचा बाजार. बाईच्या पुढ्यात आंब्यांची पाटी आहे, डोक्यावर दुकानाची पाटी नाही. लेबल नाही, भावाची चिठ्ठी नाही. गिऱ्हाईक येतं, एक फळ उचलून देठाशी वास घेतं आणि भाव विचारायच्या आधी विचारतं, "खंयचे गे हे?" बाई गावाचं नाव सांगते. पुढची सगळी घासाघीस त्या एका नावावरून चालते.

माझं फोंड्यात लेबलं आणि खोके छापून देण्याचं लहानसं काम आहे. येणाऱ्या दहा जणांतले नऊ जण पहिलं वाक्य तेच बोलतात: "आम्हाला ब्रँडिंग करायचंय." म्हणजे लोगो हवाय. गिऱ्हाईक कोण, हे विचारलं की "सगळेच" असं उत्तर येतं. म्हापशाच्या त्या बाईला "सगळेच" म्हणून चाललं नसतं. म्हणून हे टिपण जरा मागे जाऊन लिहितोय. ब्रँड आणि बाजाराचा अभ्यास हे शब्द आपल्याकडे नवे आहेत. त्यामागचा व्यवहार जुना आहे, पण तो कागदावर कधी उतरला नाही.

आंब्यापासूनच सुरुवात करू. मानकुराद हे नाव पोर्तुगीज 'मालकोरादो'वरून आलं असं सांगतात. अर्थ काय, तर रंग नीट न चढलेला. आज कुठल्याही सल्लागाराने असलं नाव सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवतील. पण खाणाऱ्यांनी ते तोंडात घोळवून घोळवून मूळ अर्थ पुसून टाकला. आता हंगामाच्या तोंडाला त्याच 'फिक्या' आंब्याचा डझनाचा भाव हजारांत जातो आणि तो देऊन घरी नेणारे त्याचा अभिमानही बाळगतात. कलमं बांधण्याची विद्या जेझुइट पाद्र्यांनी इथे रुजवली आणि बऱ्याच जातींना माणसांची नावं पडली: फेर्नांदीन, शावियेर, इलारियो. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावाचा जो आंबा होता त्याचा घाटावर आणि कोकणात 'हापूस' झाला.

इथे एक गंमत आहे, ती लेबल छापणाऱ्याला विशेष टोचते. नाव गोव्यात घडलं, पण 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन (ठराविक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा कायदेशीर हक्क) मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या नावाने. त्यात अन्याय काही नाही. तिथल्या बागायतदारांनी त्या नावावर कित्येक पिढ्या मेहनत घेतली, पेट्या भरल्या, मुंबईची बाजारपेठ बांधली. गोव्याच्या मानकुरादला मानांकन मिळायला 2023 उजाडलं, त्याच वर्षी बेबिंकेलाही मिळालं. नाव जन्माला घालणं आणि नाव सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम आपण उशिरा हातात घेतलं.

गावातला पोदेर, म्हणजे घरोघर फिरणारा पाववाला, पाहा. हल्ली तो सायकलचा भोंगा वाजवत येतो. पूर्वी घुंगरू बांधलेली काठी आपटत यायचा. तो आवाज हीच त्याची जाहिरात. अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं की हा आपला पोदेर, वरच्या वाड्यावरचा नव्हे. आणि त्याच्याजवळ जी माहिती असते ती कुठल्याही पाहणीत मिळणार नाही. कोणाच्या घरी उंडो लागतो, कोण मधुमेहामुळे कोंड्याच्या पोळीवर आलंय, कोणाकडे मुंबईचे पाहुणे उतरलेत म्हणून चार कात्रे जास्त ठेवायचे (हे सगळे पावाचेच प्रकार), हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. पोदेर आजारी पडला की बदली मुलगा टोपली घेऊन फिरतो आणि अर्धे पाव परत आणतो, कारण अभ्यास माणसाबरोबर घरी झोपलेला असतो.

पसरकारांचा, म्हणजे दुकानदारांचा, अभ्यास कॅलेंडरात असायचा. पावसाळ्याआधीची बेगमी म्हणजे पुरुमेंत, हा शब्द पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतो'वरून आला. एप्रिल-मे महिन्यांत सुकी मासळी, सोलं, चिंच, कांद्याच्या माळा आणि काणकोणातल्या खोला गावाची मिरची यांना किती उठाव येईल, हे दुकानदाराला फेस्तांच्या, म्हणजे चर्चच्या सणांच्या, तारखांवरून कळायचं. गणेश चवथीआधी माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचा) बाजार भरतो तेव्हाही हेच. मागणी कधी येणार हे ठाऊक असल्यामुळे मागणी का येते, असं कोणी विचारलंच नाही. बाकी सगळं ठीक चाललेलं असताना ते कोण विचारील?

छापील, ठसा उमटवलेला ब्रँड गोव्याच्या घरात पहिल्यांदा कुठून आला, तर माझ्या मते छपरावरून. मंगळुरात बाझल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या जर्मन मंडळींनी 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला. पुढे तिथे असे बरेच कारखाने झाले आणि गोव्यातल्या घरांवरचे गावठी नळे उतरून मंगळुरी कौलं चढली. जुनं कौल उलटं करून पाहा, कारखान्याचं नाव, गाव आणि एखादं चिन्ह मातीत दाबलेलं दिसेल. इंग्लंडमध्ये बास बिअरचा लाल त्रिकोण पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क ठरला तो 1 जानेवारी 1876 रोजी. म्हणजे जगात नावाला कायद्याचं कुंपण पडत होतं, त्याच सुमारास आपण दुसऱ्याच्या ठशाखाली राहायला लागलो होतो.

लेबल वाचायची खरी सवय लागली ती पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षांत. भारताने 1955 मध्ये आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून, वाइन पोर्तुगालहून येऊ लागली. सीमेपलीकडे बांद्याला किंवा सावंतवाडीला जे बघायलाही मिळत नव्हतं, ते इथे दुकानात मांडलेलं असायचं. गोव्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजूनही वस्तूपेक्षा तिचा देश आधी येतो. व्यापाऱ्यांची संघटनाही जुनी: आजच्या गोवा चेंबर ऑफ कॉमर्सची मुळं 1908 सालच्या पोर्तुगीजकालीन व्यापारी संघात आहेत. पण हा सगळा व्यापार मुख्यतः आणून विकण्याचा. स्वतः करून, स्वतःचं नाव लावून, दुसऱ्या गावाला विकण्याची गरज थोड्यांनाच पडली. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, त्यानंतर भारतीय कंपन्यांचा माल आणि त्यांच्या एजन्सी आल्या. तरी गोव्याचा पसरकार दुसऱ्याचंच नाव विकत राहिला.

तिकडे बाजाराचा अभ्यास हा स्वतंत्र धंदा बनला होता. अमेरिकेत चार्ल्स कूलिज पार्लिन याने 1911 मध्ये कर्टिस या प्रकाशन कंपनीत त्याचा पहिला विभाग सुरू केला. त्याची एक गोष्ट सांगतात. डबाबंद सूप नक्की कोण विकत घेतं, हे पाहायला त्याने फिलाडेल्फियातल्या वेगवेगळ्या वस्त्यांचा कचरा गोळा करून रिकामे डबे मोजले. श्रीमंतांकडे स्वयंपाकी होते, डबे निघाले कामगारांच्या वस्तीत. (आपल्याकडे हेच करायचं तर किनारपट्टीचा कचरा साळगावच्या प्रकल्पात जातो. तिथे एक दिवस उभं राहिलं तर पर्यटक काय पितो आणि काय अर्धवट टाकतो, हे कुठल्याही अहवालाविना कळेल.) भारतात विक्रम साराभाईंनी 1960 मध्ये बडोद्याला ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप सुरू केला, 1970 च्या आसपास इंडियन मार्केट रिसर्च ब्युरो आला. साबण, चहा, वर्तमानपत्रं, सगळ्यांची मोजदाद होऊ लागली.

या मोजदादीत गोवा कुठे बसला, हे बघण्यासारखं आहे. टीव्हीच्या प्रेक्षकमापनात आपली बाजारपेठ 'महाराष्ट्र/गोवा'. मोबाइलचं सर्कलही महाराष्ट्र-गोवा. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14,58,545 आणि महाराष्ट्राची 11.24 कोटींच्या आसपास. दोन्ही मिळून लोकसंख्येच्या प्रमाणात हजार माणसांना प्रश्न विचारले, तर त्यांत गोव्याचे भरतील 13. त्या 13 जणांत सत्तरीतला काजूवाला, साष्टीतली पाव खाणारी आणि वास्कोतला बंदरावरचा कामगार सगळे आले. म्हणजे 'महाराष्ट्र-गोव्यातल्या ग्राहकाला असं आवडतं' हे वाक्य वाचताना आपण पुण्या-नाशिकच्या आवडीवर फोंड्याचा माल बेतत असतो. मराठी वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना ही चूक पटकन लक्षातही येत नाही, भाषा एक असल्यामुळे जीभही एकच वाटते.

मधल्या काळात गिऱ्हाईकच दुहेरी झालं. सत्तरच्या दशकात किनाऱ्यावर हिप्पी, 1987 पासून चार्टर विमानं, मग देशी पर्यटकांचा लोंढा. तेव्हापासून छोट्या धंद्यासमोर दोन ग्राहक आणि दोन पंचांगं आहेत. एक चवथ, जत्रा आणि पुरुमेंत पाळणारा, दुसरा ऑक्टोबर ते मार्च येणारा. पहिला गाव विचारतो, दुसरा 'गोव्याचं काही तरी' मागतो. दुसऱ्यासाठी माड, सूर्यास्त आणि नारळाच्या आकाराची फेणीची बाटली निघाली, आणि हळूहळू पहिल्याचं लेबलही तसंच व्हायला लागलं.

फेणीचंच बघा. काजुलो, हुर्राक, फेणी या काजूच्या दारूंतला फरक भट्टीवाल्याला नाकाने कळतो, पिणारा भट्टीचं गाव बघून घेतो. पण कायद्याच्या वहीत ती नुसती 'देशी दारू' होती. 2009 मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये अबकारी कायदा बदलून तिला वारसा पेयाचा दर्जा दिला गेला. इथे लोकांचा एक गैरसमज होतो: मानांकन मिळालं म्हणजे गोव्यातल्या प्रत्येकाला त्याचं चिन्ह आपोआप वापरता येतं. तसं नाही. प्रत्येक उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची वेगळी नोंद करावी लागते. माझ्याकडे बरेच जण ते चिन्ह छापायला सांगतात, नोंदणीचा कागद मागितला की चहा मागवतात.

नावांचं दुखणं आणखी वेगळं. आपल्याकडे धंद्याला देवाचं नाव द्यायची रीत: शांतादुर्गा, मंगेश, महालसा, नागेश, दामोदर. भाव चांगला आहे, पण ट्रेडमार्क म्हणून त्यावर हक्क सांगणं कठीण. 'रामायण' नावाच्या अगरबत्तीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये म्हटलं की धर्मग्रंथाच्या नावावर कोणा एकाची मक्तेदारी असू शकत नाही. नुसत्या ठिकाणाच्या नावाचंही तसंच, 'गोवा' हा शब्द एकटा नोंदवून कुंपण घालता येत नाही. गावाचं नाव लेबलावर जरूर असावं, पण त्याच्या जोडीला स्वतःचा एखादा शब्द लागतो. तो शब्द कोणी आधीच घेतलाय का, हे ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. माल आणि सेवांच्या 45 वर्गांतला आपला वर्ग बघायचा. गोव्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी 4,500 रुपये, मोठ्यांना 9,000. नोंदणी 10 वर्षांची. लोगोवर याच्या तिप्पट खर्च केलेले लोक मी पाहिलेत, आणि नाव दुसऱ्याचं निघाल्यावर छापलेली पाच हजार लेबलं रद्दीत जातानाही पाहिलीत.

आता एक जवळचं उदाहरण. फोंडा तालुक्यातल्या एका स्वयंसाहाय्य गटाच्या बायका मिस्कूट (कैरीचं मसालेदार लोणचं) आणि तोरांचं, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं, लोणचं करतात. लेबलावर माड, लाटा आणि इंग्रजी नाव घेऊन माझ्याकडे आल्या. पहिल्या खेपेला चूक माझीच झाली. मी साधा कागद वापरला, तेल लागून अक्षरं पसरली आणि माडाचा हिरवा रंग थेट लाटांत उतरला. दुसऱ्या खेपेच्या आधी मी त्यांना एक वही दिली. तीन रकाने: कोणी घेतलं, कुठे नेणार, आणि काय मागितलं जे आपल्याकडे नव्हतं. पंधरा दिवस लिहा म्हटलं. पहिले दोन दिवस तिसरा रकाना रिकामा. "नाही म्हटलेलं कशाला लिहायचं?" असं त्यांतल्या वयाने मोठ्या काकींनी मला फटकारलं. मग मात्र तोच रकाना भरत गेला.

40 बरण्या गेल्या. समुद्रकिनाऱ्यावरचा पर्यटक त्यांत जवळपास नव्हताच. घेणारे बहुतेक मुंबई-पुण्यात राहणारे गोंयकार आणि देवदर्शनाला मंगेशी-म्हार्दोळला आलेली मराठी कुटुंबं. तिसऱ्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच: लहान बाटली आहे का, बॅगेत सांडणार नाही ना. दोघा-तिघांनी विचारलं होतं, "हे कुठल्या गावचं?" कारण लेबलावर गाव नव्हतंच, नुसतं 'गोवा' होतं.

याहून मोठ्या आकड्यांची गरज पडली तर सरकारच्या नियोजन आणि सांख्यिकी संचालनालयाची प्रकाशनं आहेत, जनगणनेची गाववार माहिती आहे, पर्यटकांचे महिनावार आकडे आहेत. ते फुकट मिळतात आणि फारसं कोणी उघडत नाही. पण बरणीचं झाकण सैल आहे, हे त्यांतल्या कुठल्याच तक्त्यात सापडणार नाही.

नवीन लेबल परवा मंजुरीला पाठवलं. बाटली निम्म्या आकाराची, झाकणाला आतून सील, गावाचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरांत, आणि या वेळी कागद तेल न पिणारा. काकींनी सगळ्याला होकार दिलाय. माड ठेवायचा की काढायचा, यावर गटात अजून भांडण चालू आहे.