श्वार्त्सवाल्टफार्ट

श्वार्त्सवाल्टफार्ट हा डच ड्रमवादक हान बेनिंक आणि जर्मन सॅक्सोफोनवादक पीटर ब्र्योट्समान यांचा फ्री जॅझ, म्हणजे बांधीव चौकट न ठेवता वाजवलेल्या जॅझचा, अल्बम. नावाचा अर्थ ‘काळ्या जंगलाची सफर’. जर्मनीच्या नैर्ऋत्येला श्वार्त्सवाल्ट नावाचे डोंगराळ अरण्य आहे. मे १९७७ मध्ये दोघांनी तिथे जाऊन उघड्यावर तो ध्वनिमुद्रित केला. बर्लिनच्या एफएमपी (फ्री म्युझिक प्रॉडक्शन) या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या संस्थेने तो प्रसिद्ध केला.

बेनिंक यांचा जन्म १९४२ मध्ये नेदरलँड्समधील झानदाम येथे झाला. वडील वाद्यवृंदात तालवाद्ये वाजवीत. बेनिंक यांचे शिक्षण मात्र चित्रकलेचे. जून १९६४ मध्ये अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फी नेदरलँड्समधील हिल्व्हरसुम येथे वाजवायला आले, तेव्हा साथीला ड्रमवर बेनिंक होते. त्याच महिन्यात डॉल्फी वारले. १९६७ मध्ये बेनिंक यांनी पियानोवादक मिशा मेंगेलबर्ग आणि सॅक्सोफोनवादक विलेम ब्रॉयकर यांच्यासह आयसीपी (इन्स्टंट कंपोझर्स पूल) ही वादकांची संस्था काढली. ते क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बँजो अशी वाद्येही वाजवतात. मैफलीत मध्येच उठून जमिनीवर बसायचे आणि फरशीच वाजवू लागायचे, किंवा ड्रमच्या चामड्यावर टाच दाबून त्याचा स्वर चढवायचा, ही त्यांची ओळखीची रीत. ब्र्योट्समान यांच्याशी त्यांची संगत जुनी. ब्र्योट्समान यांच्या १९६८ च्या ‘मशीन गन’ या अल्बममध्ये आठ वादकांच्या गदारोळात दोन ड्रमवादक होते, त्यांतले एक बेनिंक.

या अल्बमची वाद्यसूची मुद्दाम वाचावी अशी आहे. क्लॅरिनेटचे तीन प्रकार, सॅक्सोफोनचे तीन प्रकार, व्हायोला, बँजो, झांजा, पक्ष्यांचे आवाज काढणाऱ्या शिट्ट्या. आणि त्याच ओळीत पुढे लाकूड, झाडे, वाळू, जमीन, पाणी, हवा. कोणी काय वाजवले याची वाटणी सूचीत नाही. नेहमीचा ड्रमसंच तर त्यात नाहीच. तरीही या अल्बमचा कणा ड्रमवादकाचाच आहे असे म्हणावे लागते. समोर येईल ती वस्तू कशी वाजते हे ठोकून पाहायची सवय तालवादकाची, आणि इथे तिला अख्खे रान मिळाले आहे.

फ्री जॅझमध्ये सहसा आवर्तन नसते, सम नसते, आधी ठरवलेली स्वरसंगतीही नसते. वादक एकमेकांचे ऐकत पुढे जातात. बंद खोलीत ऐकायला फक्त दुसरा वादक असतो. रानात जागाही उत्तर देते. ओंडक्यावर मारलेला ठोका बोथट होऊन विरतो, पाण्यावर मारलेला शिंतोड्यांसह फुटतो, आणि शिट्टी खऱ्या पक्ष्यापासून वेगळी काढताना कान चाचरतो. ‘मशीन गन’मधला दणदणाट ऐकून इकडे येणाऱ्याला पहिली जाणीव होते ती अंतराची: एक वादक जवळ, दुसरा कुठेतरी झाडांपलीकडे. ब्र्योट्समान यांचा कर्कश, छाती फोडणारा सूर छताखाली अंगावर येतो, तो इथे मोकळ्या हवेत पसरून जातो. त्यांच्या वादनातला कोवळेपणा फार थोड्या ध्वनिमुद्रणांत इतका स्पष्ट ऐकू येतो.

अल्बममध्ये विनोदही भरपूर आहे. मात्र तो निसर्गाची थट्टा करणारा नाही; चिखलात खेळणाऱ्या पोरांचा असतो तसा, पूर्ण गुंतून केलेला खेळ आहे. ब्र्योट्समान स्वतःही चित्रकार होते. २०२३ मध्ये वुपरताल येथे त्यांचे निधन झाले.