रात्रीचा उपास, संध्याकाळची भूक

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी सहाला उभं राहिलं की निम्म्या गप्पा तासांच्या हिशेबाच्या ऐकू येतात. काल आठला जेवलो, आता दहापर्यंत काही नाही, म्हणजे झाले चौदा. कुणी सोळावर पोचलेलं असतं, तर कुणी अठरा तास काढून संध्याकाळी भेळभत्त्याच्या गाडीवर सापडलेलं असतं. वजन उतरवायला रात्रभर पोट रिकामं ठेवायचं, ही कल्पना गेल्या दहा-बारा वर्षांत मोबाइलमधून आली असं बहुतेकांना वाटतं. वजनापुरतं ते खरंही आहे. दिवस मावळल्यावर तोंड बंद ठेवायचा नियम मात्र नाशिकच्या आसपास दोन हजार वर्षं पाळला जातोय, आणि तो पाळणाऱ्यांची ओढाताण तेव्हाही संध्याकाळीच व्हायची.

मुंबई-आग्रा रस्त्यावरून दिसणारी पांडवलेणी, म्हणजे त्रिरश्मी डोंगरातली २४ लेणी, ही बौद्ध भिक्खूंची राहायची जागा. भिक्खूंना विकालभोजन वर्ज्य होतं. मध्यान्ह उलटली की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्न नाही. आजच्या भाषेत हा जवळपास अठरा तासांचा रोजचा उपास झाला. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. लेण्यात राहणाऱ्या सगळ्या भिक्खूंना जेवण मिळावं म्हणून त्याने ४,००० कार्षापणांना, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांना, एक शेत विकत घेऊन दिलं. शिवाय गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. व्याजातून चीवरांचा, म्हणजे भिक्खूंच्या वस्त्रांचा, आणि किरकोळ खर्च भागवायचा. मला हा लेख फार आवडतो, कारण त्यात त्यागाचं कौतुक कमी आणि दुपारच्या जेवणाची तजवीज जास्त आहे. संध्याकाळी काही मिळणार नसेल तर दुपारचं ताट भरलेलं हवं, हे त्या काळच्या दानशूराला कळत होतं.

संध्याकाळची हाव आवरणं सोपं नव्हतं, याची कबुली खुद्द पाली साहित्यातच आहे. मज्झिमनिकाय या बौद्ध ग्रंथात उदायी नावाचा भिक्खू बुद्धांना जुने दिवस सांगतो. रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं तेव्हा आम्हाला वाईट वाटलं, म्हणतो, कारण दोन जेवणांतलं तेच चांगलंचुंगलं असायचं. घरोघरी खरा स्वयंपाक रात्रीच होतो, दिवसा फारसा नाही. मग काही भिक्खू अंधारात भिक्षेला निघायचे आणि डबक्यात पडायचे, काट्यांत अडकायचे. एकदा भांडी घासणाऱ्या बाईला विजेच्या लखलखाटात उदायी दिसला आणि ती भूत समजून किंचाळली. पुढे नियम पक्का झाला तरी फट ठेवलेलीच होती. दुपारनंतर फळांचा गाळलेला रस चाले आणि आजाऱ्याला तूप, लोणी, तेल, मध, गूळ औषध म्हणून घेता येई. भुकेला दार अगदी बंद केलं तर ती खिडकीतून येते, हे नियम करणाऱ्यांनी ओळखलं होतं.

भिक्खू गेले, पण जैन घरांतला नियम आजही चालू आहे. म्हसरूळजवळचं गजपंथ आणि बागलाणातली मांगीतुंगी ही जुनी तीर्थं, आणि शहरात रविवार कारंजा, सराफ बाजाराच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यापारी. चौविहार म्हणजे सूर्यास्तानंतर अन्न, पाणी, फळफळावळ, मुखवास, काहीच नाही. पाण्याशिवाय निभत नसेल त्याने तिविहार करावा, पाणी चालतं. सकाळी नवकारशी, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी तोंड उघडायचं. यामागे कारण अहिंसेचं: दिव्यावर झेपावणारे किडे अन्नात पडतात. वजनाचा विचार कुणाच्या मनात नव्हता.

नाशिकच्या सूर्यावर हा नियम मांडून पाहण्यासारखा आहे. नोव्हेंबरअखेर इथे सहाच्या आत सूर्य मावळतो आणि सातला पाच-सात मिनिटं असताना उगवतो. चौविहार-नवकारशी दोन्ही पाळली तर पावणेचौदा तासांच्या आसपास उपास घडतो. जूनअखेर सूर्यास्त सव्वासातच्या पुढे आणि सूर्योदय सहाच्या सुमारास, म्हणजे उपास साडेअकरा तासांचा. बाराही महिने 'सोळा-आठ' (सोळा तास उपास, आठ तास खाणं) हाकणाऱ्या ॲपपेक्षा हे वेळापत्रक लवचीक आहे. आणि ते पाळणाऱ्या घरात साडेपाचला काय चालतं हे बघावं. पोळ्यांचा तवा तापलेला, मुगाची आमटी उतरलेली, दुकानातल्या माणसाचा डबा निघालेला. भिंतीवरच्या पंचांगात सूर्यास्ताची वेळ बघून शेवटचा पेला पाणी. संध्याकाळी भूक लागते त्याच वेळी हे लोक पूर्ण जेवतात, त्यामुळे चिवड्याचा डबा उघडायची वेळच येत नाही.

हिंदू घरांत चित्र सरळ नाही. व्रतांमध्ये एकभुक्त आहे, म्हणजे दिवसा एकदाच जेवायचं, आणि नक्तही आहे, म्हणजे दिवसभर न खाता रात्रीच जेवायचं. श्रावणी सोमवार आपण संध्याकाळी सोडतो. आपल्या परंपरेत रात्री कुणी खातच नव्हतं, असे जे संदेश फिरतात त्यांना नक्तव्रत माहीत नसावं. निवृत्तिनाथांच्या त्र्यंबकेश्वरी पौष वद्य एकादशीला दिंड्या लोटतात, त्या दिवसाचा उपास शरीराला किती हलका जातो हे खिचडीत किती दाणे आणि तूप पडलं यावर. एकादशी नि दुप्पट खाशी, हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरउतारावर पिकणाऱ्या वरईची भगर त्या मानाने बरी. पण तीही पातेलंभर खाल्ली तर भातच.

मग आपली रात्रीची जेवणं इतकी उशिरा कधी गेली? धर्मापेक्षा यात दिव्याचा हात मोठा आहे. रॉकेल मोजून वापरायचं तेव्हा गावात दिवेलागणीला चूल पेटायची आणि तासाभरात भाकरी खाऊन माणसं अंथरुणावर. १९२५च्या सुमारास नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस आली, १९६०च्या दशकात ओझरला विमानांचा कारखाना आणि सातपूरला एमआयडीसी. घराचं जेवण भोंग्याला बांधलं गेलं. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री साडेअकराला दारात, आणि त्याच्यासाठी ताट झाकून जागणारी बायकोही साडेअकरापर्यंत उपाशी. मग टीव्ही आला. आठच्या मालिकेआधी जेवण की नंतर, हा प्रश्न घरोघरी 'नंतर'वर सुटला. चारचा चहा आणि नऊचं जेवण यांत पाच तासांचं भगदाड पडलं आणि खारी, शेव, पाववडा, उलटा वडापाव या सगळ्यांनी ते आनंदाने भरून काढलं.

वैद्यकशास्त्र या भगदाडाकडे बरंच उशिरा वळलं. १९५५ साली अमेरिकेत अल्बर्ट स्टंकार्ड यांनी काही लठ्ठ रुग्णांमध्ये एक ठरावीक नमुना नोंदवला: सकाळी भूक नाही, रात्रीच्या जेवणानंतर खाणं सुरूच, आणि झोप लागत नाही. त्याला त्यांनी रात्रभोजनाचा विकार म्हटलं. रात्रीच्या खाण्याचा आणि लठ्ठपणाचा वैद्यकात नीट जोडलेला हा पहिल्या धाग्यांपैकी एक. पुढची बरीच वर्षं मात्र आहारशास्त्र 'किती' आणि 'काय' यातच गुंतलं. 'कधी' हा प्रश्न मागे राहिला.

तो पुढे आणला २०१२मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने. उंदरांच्या दोन गटांना तेच तुपकट खाणं, कॅलरीही सारख्याच. एका गटाला ते केव्हाही मिळे, दुसऱ्याला फक्त आठ तास. आठ तासवाले बारीक राहिले. इथे एक गोष्ट सांगायची राहून जाते: उंदीर निशाचर. त्यांचे आठ तास रात्रीचे, म्हणजे त्यांच्या जागेपणीचे होते. २०१५मध्ये त्याच प्रयोगशाळेने दीडशेवर माणसांना जे खाल ते फोनवर टिपायला लावलं. निम्म्याहून जास्त लोक दिवसाचे १५ तास किंवा अधिक काही ना काही खात होते, आणि संध्याकाळी सहानंतर ३५ टक्क्यांहून जास्त कॅलरी जात होत्या. त्यांतल्या आठ जाड माणसांनी खाणं १०-११ तासांत बसवलं आणि १६ आठवड्यांत सरासरी तीनेक किलो उतरवले. आठ माणसं म्हणजे फार थोडी, पण बातमी जगभर गेली.

त्यात दोन नोबेल पारितोषिकांनी भर घातली. २०१६चं योशिनोरी ओसुमींना, पेशी आपलाच कचरा कसा पचवतात यासाठी, आणि २०१७चं हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना शरीराच्या घड्याळासाठी. ओसुमींचं काम यीस्टवरचं. 'सोळा तास उपाशी राहा, जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं' हा संदेश तुमच्याही ग्रुपवर आला असेल. ओसुमींनी असं काही सांगितलेलं नाही.

महाराष्ट्रात याच सुमारास वेगळाच सामना रंगला होता. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार २००४मध्ये गेले. त्यांनी मांडलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव व्याख्यानांतून पोचवला: दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवा, मध्ये इन्शुलिनला डिवचू नका. समोर आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचं थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खाण्याचं म्हणणं. २०१८च्या आसपास लग्नाच्या पंगतीतही 'दीक्षित की दिवेकर' हा वाद व्हायचा. दीक्षितांचा नियम जेवणं किती हे मोजतो, ती किती वाजता घेतली हे नव्हे. त्यामुळे दुसरं जेवण रात्री दहाला घेऊनही माणूस नियमात राहू शकतो. आणि मधल्या भुकेसाठी पातळ ताक चालतं. भिक्खूंच्या फळरसाचीच ही गादी.

कडक चाचण्यांनी उत्साहाला जरा वेसण घातली. २०२०ची अमेरिकेतली चाचणी ११६ जणांची, दुपारी बारा ते रात्री आठ एवढंच खायचं, १२ आठवडे. तीन वेळा जेवणाऱ्यांच्या तुलनेत वजनात म्हणावा असा फरक नाही. २०२२ची चीनमधली १३९ लठ्ठ लोकांची, वर्षभर. दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या, एकाला सकाळी आठ ते दुपारी चारचं बंधन. बंधनवाले ८ किलो उतरले, बाकीचे ६.३, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. माझ्या मते यातून निघतं ते एवढंच: रात्रीच्या उपासात जादू नाही. संध्याकाळनंतरचं वरखाणं त्याने बंद होत असेल तर वजन उतरतं. ते वरखाणं सहा वाजता उरकून घेतलं आणि मग चौदा तास मोजले, तर फारसं काही होत नाही.

म्हणून मला सगळ्यात कामाचा वाटतो तो २०१३चा छोटा प्रयोग. फ्रँक शीअर आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना १३ दिवस मंद उजेडात ठेवलं, त्यांच्या जेवण-झोपेच्या वेळा शरीराच्या घड्याळापासून सोडवल्या आणि भूक मोजत राहिले. खाणं-झोपणं काहीही असो, शरीराच्या घड्याळाने भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त. ओढ गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. म्हणजे आपल्या फरसाणाच्या दुकानाची यादीच. कॉलेज रोडला सात वाजता पाय आपोआप गाडीकडे वळतात त्यात मनाच्या कमकुवतपणापेक्षा शरीराच्या घड्याळाचा भाग मोठा. त्यात झोपेची उधारी असेल तर आणखी. २००४मध्ये शिकागोत १२ तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलं तेव्हा भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि तृप्ती सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं.

ही भूक येणारच हे धरून चाललेल्यांचं निभतं. नाश्ता टाळून, दुपारी दोन पोळ्यांवर भागवून जो संध्याकाळी उरलेल्या इच्छाशक्तीवर विसंबतो तो बहुतेक वेळा हरतो. त्यापेक्षा दुपारी उसळ, वरण, दही असं भरीव जेवावं. साडेपाचला चहासोबत खारीऐवजी मूठभर फुटाणे नाहीतर शेंगदाणे. आणि शक्य त्या घरात साडेसात-आठला नागलीची किंवा ज्वारीची भाकरी, भाजी, वाटीभर आमटी. जेवण झालं की ओटा पुसायचा, दात घासायचे. चिवडा घरात ठेवायचाच असेल तर वरच्या फळीवर, पारदर्शक बरणीत तर नकोच. रात्री दहाला पुन्हा काही खावंसं वाटलं तर पंधरा मिनिटं थांबून पाहावं, बऱ्याचदा लाट ओसरते. पोटात खरंच कावळे ओरडत असतील तर मात्र जेवण अपुरं झालं असं समजून उद्याचं ताट वाढवायचं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर हे तास वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे, रात्रीत साखर खाली जाऊ शकते. गरोदर बायका, वाढीच्या वयातली मुलं आणि खाण्याशी आधीच झगडा असलेली माणसं यांनी या भानगडीत पडू नये. अंबड-सातपूरच्या दुसऱ्या पाळीवाल्यांना सूर्यास्ताचा नियम लागूच पडत नाही. त्यांच्यातले काहीजण सातच्या सुट्टीत कँटीनचा वडा सोडून घरचा डबा पोटभर खातात आणि घरी पोचल्यावर कपभर दूध पिऊन झोपतात. बायकोनेही मग साडेअकरापर्यंत ताट झाकून बसायची गरज उरत नाही.